टोपीतली गाठ

वडवणीकडच्या त्या गावात दुष्काळानं प्यायच्या पाण्याचे वांधे केलेले, तरी भरदुपारी दूध संस्थेच्या गोदामात पाय ठेवायला जागा नव्हती. खिडक्यांना गोणपाटं लावून अंधार केलेला. मधोमध खुर्चीवर वच्छलाबाई. उजेडबाबानं तिच्या गळ्याजवळच्या गाठीला तीर्थ चोपडलं, जांभळा दिवा धरला, आणि गाठ निळीशार चमकली. झालं, लोकांनी पटापट हात जोडले.

"शहरातले डाक्टर हाच उजेड पाडून सुरी चालवतेत," बाबा म्हणाला. "आमी सुरीबिगर पीडा ओढतो."

त्यानं ओलं फडकं फिरवलं, चमक गेली. गाठच गेली म्हणे!

मनकर्णाच्या मनात पाल चुकचुकली. ती वच्छलाबाईची धाकटी जाऊ, संस्थेत दूध तपासायची. भेसळ हुडकणं तिच्या अंगवळणीच पडलेलं. सोमवारी जावेचं कॅन्सरचं ऑपरेशन ठरलं होतं. डॉक्टरांनी नीट समजावलं होतं, की एक औषध टोचलं की गाठ खास कॅमेऱ्यात उजळते, मग कापताना मागं काही राहू नये म्हणून ते बघता येतं. भोळ्या वच्छलाबाईनं हे टँकरच्या रांगेत सगळ्यांना सांगितलं आणि आठच दिवसांत हा बाबा उगवला. उतरला तोही संस्थेचे चेअरमन विठ्ठलराव यांच्या बंगल्यावर; गावचा टँकरही त्यांच्याच ताब्यात.

"मने, सोमवारचं राहू दे आता," वच्छलाबाई म्हणाली.

हा सोमवार हुकला तर जाऊ हातची जाणार होती. तेवढ्यात मनकर्णाला दिव्याच्या उजेडात बाबाच्या धोतराचा काठ चमकताना दिसला. मागं एकदा बँकेत नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली तिचा धुतलेला पदर असाच चमकला होता. धुण्याच्या पावडरीचा गुण, असं कॅशियर म्हणाला होता. पण तेव्हा गावात पाणी होतं.

तिनं बाबाकडं दिवा मागितला; तो हात मागं घ्यायला लागला, तसा तिनं तो सरळ काढून घेतला आणि गर्दीवर फिरवला. सगळा अंधार. चार महिने कुणाच्या कपड्याला पावडर लागलीच नव्हती, नुसते पाण्यातून पिळून काढायचे. दिवा पुढच्या ओळीत आला आणि विठ्ठलरावांची टोपी लखलखली.

"चेअरमनसाहेब, तुमच्या टोपीत बी गाठ हाय का?"

गर्दीतली म्हातारी बायनाबाई उसळून म्हणाली, "आमाला दोन घागरी, आन् हेंची धुणी कोणत्या पाण्यानं?"

मनकर्णानं तीर्थात बोट बुडवून आपल्या मनगटावर ओढलं. मनगटही तसंच निळं चमकलं, तीर्थात पावडरच कालवलेली. मग ती जावेकडं वळली. "अक्का, हात लावून बघा."

वच्छलाबाईनं गळा चाचपला. तिचे डोळे भरून आले. "हाय की गं. जिथल्या तिथं."

लोक टोपीवाल्याला टँकरचा हिशोब विचारत राहिले, तोवर बाबा मागच्या दारानं पसार झाला. सोमवारी सकाळच्या एसटीत दोघी जावा बसल्या. दवाखान्यात वच्छलाबाईनं आधी कॅमेरा दाखवा म्हणून हट्ट धरला. डॉक्टरांनी तो दाखवला, आणि नुसत्या उजेडानं गाठ जात नाही, ती कापावीच लागते, हेही स्वच्छ सांगितलं.

तेव्हा बाबांनो, उजेड दिसला की लगेच हात जोडू नका. आधी दिवा मागून बघा. जो द्यायला कचरतो, त्याच्या हाती आपला जीव देऊ नका.