एक टेबल, एक वायर

नव्या साहेबांना वायरींचा भारी तिटकारा. रुजू झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी एकेका टेबलाखाली वाकून पाहिलं आणि वर आले ते नाक मुरडूनच. इमारतींचे नकाशे काढणारं ते ऑफिस. टेबलांखाली काय पसारा आहे याकडे इतक्या वर्षांत कुणी ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण सगळ्यांना टेबलांवर पुरेसं काम होतं. साहेबांना ते नव्हतं.

महिन्याभरात प्रत्येक स्क्रीनमागे एकेक काळी डबी येऊन बसली. तिला म्हणायचं डॉक. डॉकमधून एकच वायर बाहेर येते, ती लॅपटॉपला खुपसली की स्क्रीन, कीबोर्ड, इंटरनेट आणि चार्जिंग, सगळं तिच्यातूनच. मग चार्जर हवेत कशाला? सगळ्यांचे चार्जर गोळा झाले आणि कपाटात कुलूपबंद झाले. भिंतीतल्या सॉकेटांवर पांढऱ्या गुळगुळीत फळ्या ठोकल्या गेल्या. दाराशी पाटी लागली, ‘एक टेबल, एक वायर’. त्या दिवशी साहेब पाऊण तास बोलले. आजवर कुठल्या इमारतीबद्दल ते इतकं बोलल्याचं कुणाला आठवत नव्हतं.

ताईंना खरं म्हणजे या सगळ्याचं सोयरसुतक नव्हतं. सव्वीस वर्षं त्या जिने काढत होत्या. जिन्यांत त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी नव्हतं, आणि हे त्यांनाही चांगलं ठाऊक होतं. कागदावर चौकोन काढणारे पुष्कळ असतात. पण जिना म्हणजे माणसाचा गुडघा कळावा लागतो, असं त्या नव्या मुलामुलींना ऐकवायच्या. ऑफिसातला जिन्यांचा विभाग म्हणजे एकट्या ताई आणि त्यांचा लॅपटॉप. तो लॅपटॉपही तसाच दांडगा, उचलताना दोन्ही हात लागायचे. अख्ख्या इमारतीचा नकाशा एका वेळी उघडायचा तर असंच यंत्र लागतं.

डॉक आल्यावर पहिल्याच आठवड्यात ताईंच्या लक्षात आलं की कुठेतरी पाणी मुरतंय. सकाळी लॅपटॉप शंभर टक्के. बाराला एकसष्ट. जेवून येईतो चाळीसच्या खाली. कोपऱ्यात चार्जिंगची खूण मात्र ठळक दिसतेय. तीनच्या सुमाराला नकाशा असा रांगायला लागायचा की एक पायरी इकडची तिकडे करायची तर ताई पाणी पिऊन येऊ शकायच्या. मग पडदा काळा.

त्यांनी कॉम्प्युटरवाल्याला गाठलं. ऑफिसातली सगळी यंत्रं सांभाळणारा हा तिशीतला माणूस, चेहऱ्यावर कायम ‘मी आधीच सांगितलं होतं’ असा भाव.

“ताई, ही डबी लॅपटॉपला साठ वॅट देते,” तो म्हणाला. “तुमचा हा बकासुर कामाला लागला की खातो एकशेतीस. नळ सोडलाय, पण बादलीला भोक केवढं मोठं!”

“अरे, मग चार्ज होतंय असं का दाखवतो?”

“नळ चालू आहे ना! ते खोटं नाही बोलत.”

“साहेबांना सांगितलंस?”

“डॉक घ्यायच्या आधी दोन पानं लिहून दिली होती. साहेब म्हणाले, सूर नकारात्मक आहे.”

ताईंनी रीतसर तक्रार केली. तक्रार आली म्हटल्यावर डॉक समिती बसली. समितीत साहेब, कर्मचारी विभागाच्या मॅडम आणि स्वागतकक्षातले एक गृहस्थ. तिघांकडेही वहीएवढे पातळ लॅपटॉप, आणि त्यांवर पत्रं सोडून कधी काही उघडलेलं नव्हतं. समिती तपासणीला आली सकाळी दहाला. रात्रभर डॉकला लावून ठेवलेला ताईंचा लॅपटॉप नुकता पोटभर जेवून बसला होता.

“शंभर,” मॅडम वाचून म्हणाल्या.

“अहो, आत्ता असणारच शंभर,” ताई म्हणाल्या. “तीनला या.”

“तीनला समिती बसत नाही,” साहेब म्हणाले.

अहवाल आला. पाच लॅपटॉप तपासले, पाचही शंभर टक्के भरलेले आढळले, सबब डॉक उत्तम. पाचही लॅपटॉप रात्रभर जेवलेले होते, याचा अहवालात कुठे पत्ता नव्हता. कॉम्प्युटरवाल्याने तो वाचला आणि डोक्याला हात लावला.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं. पण त्याच आठवड्यात एका शाळेच्या इमारतीचा जिना काढायचा होता. सहा वर्षांची पोरं पाठीवर दप्तरं घेऊन चढणार, उतरताना एकमेकांना ढकलणार, ते सगळं धरून पायऱ्या बसवायच्या. शाळेला नकाशा शुक्रवारी हवा होता आणि सोमवार संपत आला तरी ताई पहिल्या मजल्यावरच अडकल्या होत्या. साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं.

“ताई, दुपारनंतर तुमचा वेग फार कमी होतो असं दिसतंय. वयाचं असेल, मी समजू शकतो. पण शुक्रवारी जिना गेला नाही तर जिन्यांचं काम बाहेरच्या फर्मकडे द्यावं लागेल. मग तुमचा विभाग ठेवायचा की नाही, याचाही विचार करावा लागेल.”

वयाचं! ताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो राग त्यांना घरी पोचेपर्यंत पुरला.

घरी नवरा म्हणाला, “जाऊ दे गं, कुठे वाद घालत बसतेस? घे जुळवून.” सासूबाई मात्र भाजी निवडता निवडता थांबल्या. त्यांचा जन्म शिवणकामात गेलेला.

“माझं मशीन कुणी असं उपाशी ठेवलं असतं,” त्या म्हणाल्या, “तर मी त्याच्या बोटावरून सुई फिरवली असती. तू काय करणार आहेस?”

“आई, चार्जर कपाटात आहेत. कुलूप आहे.”

“किल्ली कुणाकडे आहे?”

किल्ली कॉम्प्युटरवाल्याकडे होती. मंगळवारी त्याने ताईंचा विटेएवढा चार्जर कापडी पिशवीत घालून आणला आणि इकडेतिकडे बघत त्यांच्या हातात दिला. आता सॉकेट. अख्ख्या ऑफिसात उघडं सॉकेट एकाच जागी राहिलं होतं, चहाच्या खोलीत, किटलीसाठी. जेवणानंतर ताई लॅपटॉप पदराआड धरून तिथे पोचल्या. चहा करणारे मामा स्टुलावर बसून होते.

“मामा, जरा किटली काढू का?”

“किटली कधीच काढलीय, ताई,” मामा शांतपणे म्हणाले. “तुमचा नंबर चौथा.”

फ्रिजच्या आडोशाला ओट्यावर तीन लॅपटॉप ओळीने पसरले होते. खांब काढणारा, पाण्याच्या नळ्या काढणारी आणि रंगीत चित्रं करून गिऱ्हाइकांना भुलवणारा, तिघंही माना खाली घालून उभ्या उभ्या काम करत होते. इतके दिवस आपलंच काहीतरी चुकतंय असं प्रत्येकाला वाटत होतं. एकमेकांना बघून आधी सगळे ओशाळले आणि मग पोट धरून हसले. ताईंना कितीतरी दिवसांनी हायसं वाटलं. मामांनी कुठूनसा आणखी एक एक्स्टेन्शन बोर्ड आणला आणि ताईंना ओट्याचं टोक पुसून दिलं. त्या दुपारी जिना पहिल्या मजल्यावरून दुसऱ्यावर गेला.

बुधवारी बिंग फुटलं, आणि तेही चहामुळे. साहेबांना साडेतीनला चहा लागतो. किटलीला सॉकेट नाही म्हणून पावणेचार झाले तरी चहा आला नाही. साहेब स्वतः उठून आले. दारात उभे राहून त्यांनी चार विटा, चार लॅपटॉप आणि ओट्यावरचं वायरींचं जंजाळ पाहिलं. चहाचं विसरूनच गेले.

बाकीच्या तिघांनी आपापले लॅपटॉप गुंडाळले आणि काढता पाय घेतला. ताईंना हलता येईना, कारण नकाशा जतन होत होता. शिवाय आता हलायचंही नव्हतं.

“ताई, तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती,” साहेब म्हणाले. “इतक्या मोठ्या उपक्रमाला तुम्ही सुरुंग लावताय.”

“साहेब, उद्या तीनला माझ्या टेबलाशी या. नुसते उभे राहा. मी काम करते, तुम्ही आकडा बघा. खोटी ठरले तर मी स्वतः चार्जर कपाटात ठेवीन आणि सगळ्यांसमोर माफी मागेन.”

दारात मामा उभे होते, मागे दोनचार माणसं जमली होती. नाही म्हणायची सोय उरली नाही.

गुरुवारी ताई डॉकवरच काम करत बसल्या. तीन वाजता समिती आली. समितीच्या मागे अर्धं ऑफिस. आकडा अकरा होता. ताईंनी शाळेची अख्खी इमारत उघडली आणि जिना गोल फिरवला. दहा. नऊ. नकाशा गोगलगायीसारखा सरकू लागला. मॅडम आपोआप मोठ्याने मोजायला लागल्या. कोपऱ्यातली चार्जिंगची खूण ठणठणीत होती. चार, तीन. मग स्क्रीन काळी झाली आणि तिच्यात साहेबांचा चेहरा दिसला.

मागून कुणीतरी टाळी वाजवली. साहेबांनी ताईंना दीड दिवसापुरता चार्जर वापरायची लेखी परवानगी दिली. एका टेबलाजवळची फळी उखडली गेली. शुक्रवारी दुपारी जिना शाळेला गेला आणि शाळेने संध्याकाळी ‘पसंत’ असं कळवलं. ताईंनी घरी जाताना मामांना बिस्किटांचा पुडा दिला. जिंकल्याची अशी गोडी त्यांनी कधी चाखली नव्हती.

सोमवारी समितीचा निर्णय लागला.

डॉकमध्ये दोष आढळला नाही. सदर लॅपटॉपची भूक धोरणापेक्षा जास्त आहे. सबब लॅपटॉप बदलण्यात यावा.

ताईंच्या टेबलावर वहीएवढा पातळ, चकचकीत लॅपटॉप येऊन बसला होता. जुना कुठे गेला ते कुणी सांगेना. ताईंनी शाळेचा जिना उघडायला घेतला. लॅपटॉपने थोडा विचार केला आणि हे आपल्या कुवतीबाहेरचं आहे असं नम्रपणे कळवलं. साहेब मात्र खूष होते. तीन वाजता ते स्वतः येऊन आकडा बघून गेले. शंभर.

“बघा, सुटला की नाही प्रश्न?”

“पण साहेब, यावर नकाशे उघडत नाहीत. मी काय काम करू?”

“नकाशे आता बाहेरून करून घेऊ. तुम्ही समितीत या. तुमच्याइतका डॉकचा अनुभव कुणाला आहे?”

मग ताई रोज सकाळी दहाला टेबलाटेबलांवर जाऊन आकडे टिपू लागल्या. बाकीच्यांचेही लॅपटॉप एकेक करून बदलत चालले होते, त्यामुळे सगळीकडे शंभरच असायचं. लोक त्यांच्याकडे बघून कसनुसं हसायचे. ताईंना संताप यायचा, पण संतापाहून जास्त लाज वाटायची. सव्वीस वर्षं आपण काहीतरी करत होतो आणि आता आपण शंभर असं लिहितोय. घरी त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक फोन आला. बाहेरच्या फर्ममधला माणूस होता. त्याच शाळेची दुसरी इमारत त्याच्याकडे गेली होती.

“ताई, तुमचं नाव मागच्या नकाशावर होतं, म्हणून फोन केला. जिना बसतच नाहीये हो. जागा तेवढीच आहे, पण वळणावर डोक्याला तुळई लागते.”

“पायरी केवढी धरली?”

“सतरा सेंटिमीटर उंच.”

“सतरा? अहो, सहा वर्षांची पोरं आहेत! चौदा धरा. आणि वळण तिथे घेऊच नका, दोन पायऱ्या अलीकडे घ्या. मग तुळई वर राहील.”

पलीकडे कागदावर पेन्सिल चालल्याचा आवाज आला.

“बसला!” तो माणूस ओरडला. “ताई, अजून चार जिने आहेत माझ्याकडे. इथे बसून काढाल का? आमच्याकडे जिन्याचं माणूसच नाही.”

ताईंनी फोन ठेवला. पातळ लॅपटॉपवर कोरं पान उघडलं, ते मात्र झटकन उघडलं. राजीनामा चार ओळींत संपला. तो छापून, साहेबांच्या टेबलावर ठेवून त्या पिशवी खांद्याला लावून निघाल्या, तेव्हा दहाला पाच मिनिटं होती आणि साहेब समितीची वही घेऊन समोरून येत होते.

“ताई, तपासणीची वेळ झाली. कुठे निघालात?”

“जिना काढायला,” ताई म्हणाल्या.