भागाबाईचा घट

"हाई डाकीन शे! हिना घरमा देवी बसाव नही!"

देवळाच्या ओट्यावर जटाबुवा घुमत होता आणि धरणगावची आमची सगळी आळी हात जोडून उभी होती. त्याच्यापुढे भागाबाईचा घट ठेवलेला. नवरात्राची चौथी माळ; घरोघरच्या घटांना बोटभर हिरवे कोंब आले होते. हिचे गहू मात्र काळे पडून कुजले होते. घटाला माती ज्याच्या त्याच्या शेतातली घेतात. तिनेही आपल्याच शेतातली आणली होती.

"शेत देवीले देई टाक, नि दसराना पहिले गाव सोड!"

बुवाचा मुक्काम तेलगिरणीच्या शेठकडे. भागाबाईचं शेत त्याच गिरणीच्या भिंतीला लागून. हे कोणाला ठाऊक नव्हतं? पण डाकीण म्हटलं की माणसं विचार करायचं सोडतात.

"अक्का, मना घट का बरं उगना नही वं?" भागाबाई माझा पदर धरून रडत होती.

मी हळू बोलणारी बाई. नवरात्रात तर मौनच जास्त. पण माझ्या देवीचं नाव त्याच्या तोंडून ऐकून अंगाची लाही झाली. मी पुढे झाले.

"महाराज, तुमच्या हाताला सिद्धी आहे म्हणतात."

"मना हातना दाना दगडवरबी उगस!"

"दगड कशाला? मातीतच पेरा की."

लोक हसले. बुवाला मागे सरता येईना. पुजारी गिरधरभाऊंनी मातीचे दोन पसरट परळ मांडले. एकात भागाबाईच्या शेतातली माती. तिच्यात बुवाने मंत्र म्हणत गहू पेरले. दुसऱ्यात देवळाच्या बागेतली; तिच्यात भागाबाईने. गहू एकाच सुपातले. पाणी मी घातलं, एकाच तांब्यातलं. परळ गाभाऱ्यात; रोजच्या पूजेपुरतं उघडलं की पुन्हा कुलूप, किल्ली गिरधरभाऊंच्या कमरेला.

नवमीला सगळ्यांसमोर दार उघडलं. भागाबाईचा परळ हिरवागार. बुवाचे गहू काळे, कुजके.

"काय बुवा," म्हातारे हिलालआबा खेकसले, "आते डाकीन कोन शे? तू?"

बुवा जटा सावरत म्हणाला, "देवीना कोप..."

"देवीचं नाव घेऊ नका!" एवढ्या मोठ्याने मी जन्मात बोलले नव्हते. त्याच्या परळातली माती मी तांब्याच्या पाण्यात कालवली. पाण्यावर तेलाचा तवंग आला. "हुंगा सगळ्यांनी! गिरणीत सरकीचं तेल सोड्याने धुतात. ते काळं पाणी भिंतीच्या भोकातून हिच्या शेतात सोडतात. तेलाने माती कोंडते, सोड्याने दाणा जळतो. शेत गिरणीने मारलं, आणि डाकीण ठरली ही!"

बुवा मागच्या दाराने पळाला. माणसं कुदळी घेऊन गिरणीकडे निघाली, ते भोक बुजवायला. बुजवलंही. पण मेलेली माती काही त्या दिवशी जिवंत झाली नाही.

माझी उपास-व्रतं चालूच आहेत, चालूच राहतील. बायांनो, देवीला जरूर हात जोडा. पण कोणी एखादीला डाकीण म्हणाला, तर ते जोडलेले हात सोडा आणि आधी माती चिवडून बघा.