कर्सर ठरल्या जागी थांबेना

माझं डोकं फिरलं होतं. कर्सरने कुठे जायचं ते मी प्रोग्रामला सांगते आणि तो मुकाट जातो. वीस वर्षं हेच करून पोट भरतेय. आणि बाबांच्या बाबतीत मात्र मेला एका जागी ठरेल तर शपथ!

माझे बाबा, रेइनो, यांनी एकतीस वर्षं अमेरिकेतल्या सुपीरियर सरोवरावर कच्चं लोखंड वाहणाऱ्या बोटींचं सुकाणू धरलं. मार्चमध्ये पक्षाघाताचा झटका आला. वाचा गेली, हातपाय गेले, मान तेवढी हलते. मी त्यांच्या चष्म्यावर एक चकचकीत ठिपका चिकटवला. कॅमेरा तो बघतो आणि माझा प्रोग्राम त्यावरून कर्सर पळवतो. शुक्रवारी सरकारी बाई येऊन विचारणार होत्या, कुठे राहायचं? पडद्यावर दोन चौकटी: ‘घर’ आणि ‘वृद्धाश्रम’. बाबांना उत्तर देता आलं नाही, तर माझा भाऊ रॉय ठरवणार होता.

"आयली, त्यांना काही कळत नाही गं," रॉय म्हणाला. "कशाला स्वतःला फसवतेस?"

"तुला फार कळतं! गप कॉफी पी."

मान वळवली की कर्सर धावायचा, चौकट ओलांडून घसरायचा, मागे यायचा, पुन्हा घसरायचा. मानेची थरथर गाळणारं गणित मी आणखी कडक केलं. आणखीच बिघडलं. बाबांनी वैतागून डोळे मिटले.

गुरुवारी सकाळी मी त्यांच्या हालचालींची नोंद उघडून बसले. कर्सर चौकटीत शिरायच्या जरा आधी मान किंचित उलट्या बाजूला वळलेली दिसली. चाळीसपैकी एकोणचाळीस वेळा! थरथर कधी अशी वेळ पाळून येते होय?

रॉय एक उन्हाळा बाबांच्या बोटीवर होता. त्याला फोन लावला.

"वळण घेताना बाबा काय करायचे रे?"

"वळण पुरं व्हायच्या आधीच चाक उलटं फिरवायचे. हजार फुटांची बोट आयत्या वेळी थांबते थोडीच! का गं?"

"अगं बाई!" मी ओरडलेच. माणूस मान उलटी वळवून कर्सरची गती मारत होता आणि मी शहाणी तीच हालचाल थरथर म्हणून पुसत होते.

ते गणित काढून टाकलं. कर्सर निघाला आणि चौकटीच्या बरोब्बर मधोमध उभा राहिला. मी चौकट लहान केली, आणखी लहान, पार तिळाएवढी. तरी तिथेच! बाबा अर्ध्या तोंडाने हसले. मी टाळ्याच पिटल्या.

शुक्रवारी रॉयच्या समोरच बाईंनी प्रश्न विचारला. कर्सर सरळ जाऊन ‘वृद्धाश्रम’वर थांबला.

"घसरला," मी घाईघाईने म्हणाले. "थांबा हं, चौकटींची अदलाबदल करते."

अदलाबदल केली. कर्सर शांतपणे दुसऱ्या टोकाला गेला आणि पुन्हा त्याच शब्दावर उभा राहिला.

"बाबा, असं काय करता? मी आहे ना!"

बाबा माझ्याकडे बघत राहिले. कर्सर तसूभर हलला नाही. बाई लिहून घेऊ लागल्या.

"दर दोन तासांनी उठून त्यांची कूस बदलतेस," रॉय हळूच म्हणाला. "सात महिन्यांत एक रात्र तरी झोपलीस का गं?"

मी बाबांच्या मांडीवर डोकं ठेवून हमसून रडले. एवढा राग मला त्यांचा कधीच आला नव्हता.