दादाच्या पेटीची रजई

दादा लेकीच्या बाळंतपणासाठी निघाला, तेव्हा त्याने मधमाश्यांच्या पेटीबद्दल मला एकच गोष्ट बजावली. "ठमे, काहीही करायचं नाही. थंडीत त्यांचं त्या बघतात."

आता मी रजया शिवणारी बाई. चाळीस वर्षं लोकांना वाजणारी थंडी हाच माझा धंदा. समोर कुणी कुडकुडत असताना हातावर हात ठेवून बसणं मला कुठून जमणार? त्यात ही पेटी वहिनीची. माश्या तिने पाळलेल्या. ती गेल्यापासून दादा रोज सकाळी चहाचा कप घेऊन परसात पेटीजवळ बसतो आणि तिच्याशी बोलायचं ते सगळं माश्यांशी बोलतो. मी शेजारच्या माझ्या घराच्या खिडकीतून बघते आणि कामाला लागते.

तो गेल्याच्या तिसऱ्या दिवशी नळातलं पाणी गोठलं. मी परसात गेले, तर पेटी आपली चार विटांवर उघडी, वरून दहिवराने पांढरी झालेली. दुपारी तिचं माप घेतलं, संध्याकाळी कापड कापलं, दुसऱ्या दिवशी रजई तयार. दुहेरी अस्तर, मध्ये जाड कापूस. खाली माश्यांच्या ये-जा करण्याची फट होती, तिच्यावरही झडप शिवली आणि चार बटणं लावली. वारा आत जायला नको ना! बटणं निवडायलाच अर्धा तास गेला. शेवटी मधाच्या रंगाची लावली आणि स्वतःवरच खूश झाले.

दहा दिवसांनी दादाचा फोन आला. नात झाल्याचं सांगून झालं, ती कुणावर गेली यावरून भांडून झालं, मग तो सहज म्हणाला, "पेटीची फट मोकळी आहे ना? पानंबिनं अडकली तर काढ. आतली वाफ बाहेर पडायला हवी. थंडीने नाही मरत त्या, ओलीने मरतात."

"मोकळी आहे की," मी म्हणाले. साठी उलटली, तरी थोरल्या भावाशी खोटं बोलताना मी अजून नजर चोरते, फोनवरसुद्धा.

फोन ठेवला आणि अनवाणीच परसात धावले. बटणं काही केल्या सुटेनात. झडप उचलली, तर फटीतून मूठभर मेलेल्या माश्या फटीपुढच्या फळीवर सांडल्या. रजई ओढून काढली, तर अस्तर आतून ओलं. पेटीला कान लावला. काही नाही. टकटक केलं, पुन्हा लावला. शांत. मी तिथेच मातीत बसकण मारली आणि रडले. वहिनीने मागे ठेवलेला जीव मी माझ्या हाताने, काजंबटणं लावून, नीटनेटका गुदमरवला होता.

पुढचे चार दिवस कामात हात चालेना. दादा परत आला, त्याने बॅगही खाली ठेवली नाही, तोच मी सगळं भडाभडा सांगून टाकलं.

तो ओरडला असता तर बरं झालं असतं. तो नुसता परसात गेला, गुडघ्यांवर बसला आणि बराच वेळ पेटीला कान लावून राहिला.

"काय?" मी विचारलं.

"काही ऐकू येत नाही."

मी त्याच्याशेजारी मातीत बसले.

"आत सगळ्या एकमेकींना बिलगून बसतात," तो म्हणाला. "राणी मध्ये. पंख न हलवता नुसतं अंग थरथरवून ऊब करतात. बाहेरच्या गारठल्या की आत सरकतात, आतल्या बाहेर येतात. त्याची गुणगुण येते. तुझी वहिनी ऐकून मला सांगायची, आज खुशीत आहेत म्हणून."

"आणि तुला?"

"मला ती कधीच आली नाही." त्याने कान चोळला. "छापखान्यातल्या यंत्रांनी कान खाल्ले माझे."

ही कबुली त्याने आयुष्यात पहिल्यांदा दिली. आजवर त्याच्या मते बहिरी मी होते आणि माझ्या मते बहिरा तो. आता मलाही गप्प राहवेना.

"अरे, मग माझे तरी कुठे शाबूत आहेत! चाळीस वर्षं मशीन खडखडतंय कानाशी. गिऱ्हाईक दारात बोंब मारून निघून जातं, मला पत्ता नसतो."

दोन बहिरे पेटीचा निकाल लावायला बसले होते! आधी त्याला हसू फुटलं, मग मला. हसून झाल्यावर दोघांनी पुन्हा पेटीकडे बघितलं. आपण बहिरे आहोत म्हणून त्या आत जिवंतच असतील, असं थोडंच होतं?

"उघडून बघू या?" मी विचारलं.

"या गारठ्यात उघडली, तर असतील त्याही जातील. ऊन पडू दे."

तिसऱ्या दिवशी लख्ख ऊन पडलं. एका हॉटेलसाठी शिवलेल्या पांढऱ्याशुभ्र रजयांपैकी सहा मी दादाच्या परसात दोरीवर टाकल्या. आम्ही जेवायला बसलो होतो. दादा हातातला घास तसाच धरून खिडकीशी गेला आणि किंचाळला, "ठमे!"

फटीतून एक माशी फळीवर आली. मग चार. आम्ही बाहेर धावलो, तोवर इतक्या, की मोजायची सोय नाही. साऱ्या परसावर त्या गिरक्या घेत होत्या आणि दादा त्यांच्यामध्ये उभा राहून टाळ्या पिटत होता, गालांवरून पाणी वाहत होतं. तेवढ्यात माझं दोरीकडे लक्ष गेलं. रजयांवर पिवळे ठिपके पडत होते, बघता बघता आणखी पडत होते.

"हे काय रे?"

दादाने जीभ चावली. "पेटीत घाण नाही करत त्या. थंडीभर पोटात धरून ठेवतात आणि पहिल्या उन्हात... तुझी वहिनी या दिवशी कपडे वाळत घालायची नाही."

एरवी माझ्या रजईवर कुणी नखाएवढा डाग पाडला, तर मी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करते. मी दोरीखाली जाऊन उभी राहिले. एक ठिपका टपकन चष्म्यावर पडला.

"करा ग बायांनो, मनसोक्त करा!" मी वर तोंड करून ओरडले. "अजून दोन आहेत घरात, त्याही आणते!"