डॅशबोर्डामागचा हात

रमजानमिस्त्रीनं जीपमध्ये ड्रायव्हरशेजारच्या सीटपुढं खाली पाठ टेकली, मान गिअरच्या दांड्याजवळून पुढं सरकवली आणि उजवा हात कोपरापर्यंत डॅशबोर्डाच्या मागं घातला. पाठीखालचा पत्रा ओला होता आणि त्याला मुताचा वास येत होता. असू दे. आताशा त्याला कशाचंच फारसं काही वाटत नसे.

"चावी फिरवा, तात्याबा. समदी बटणं चालू करा. दिवं, वायपर, समदं."

तात्याबानं एकेक बटण दाबलं. एकही काटा हलला नाही. हॉर्न मुका. हेडलाइटमध्ये तेवढी लालसर धुगधुगी आली, ती असून नसून सारखीच.

"काय न्हाई, मिस्त्री. मेलंय."

"मेलं न्हाई, कुटंतरी अडलंय. बटणं तशीच ऱ्हाऊ द्या."

तात्याबा माणदेशातला मेंढपाळ. दरसाल मेंढरं घेऊन घाटापलीकडं चरणीला उतरायचा, आणि वाटेत लोणंद आलं की रमजानच्या दुकानापुढं जीप उभी करून चहा घेतल्याशिवाय पुढं सरकायचा नाही. जीप पंचवीस वर्षांची. तिच्यात बिऱ्हाडाची भांडी, मेंढरं कोंडायच्या जाळ्यांची वाघरी, दोन कोंबड्या आणि चालता न येणारी कोकरं. आज सकाळी बाजारपेठेत शिरता शिरता सगळे काटे एकदम खाली पडले. मेंढरं पहाटेच पुढच्या मुक्कामाला गेली होती, त्याची बायको बनाबाई त्यांच्याबरोबर. दुपारपर्यंत कोकरं आयांच्या कासेला लावायची होती, आणि मधल्या घाटात हॉर्नशिवाय जायची तात्याबाची हिंमत नव्हती.

रमजाननं दोन तास घालवले होते. फ्यूज बघितले. चावीचा स्विच बघितला. टेस्टिंगचा बल्ब लावून एकेक वायर तपासली. करंट सगळीकडं येत होता आणि तरी काही पेटत नव्हतं. आता राहिली फक्त बोटं. डॅशबोर्डाच्या मागं डोळे पोचत नाहीत, तिथलं काम बोटांचं, असं तो बत्तीस वर्षं येईल त्याला ठणकावून सांगत आला होता. ढिला नट, अर्धवट तुटलेली तार, तापलेला जोड त्याच्या बोटांना आधी कळायचा आणि मग त्याला.

दिवाळीपासून ते बंद झालं होतं. आधी अंगठा बधिर झाला. मग चहाचा पेला हातातून सुटायला लागला. डॉक्टरनं सांगितलं, साखर आहे, नसांवर गेली. रमजाननं तो कागद चार घड्या घालून ट्रंकेत टाकला. सांगणार कुणाला? जरिनाला जाऊन दोन वर्षं झाली होती. ती असती तर भाकरीचा पहिला तुकडा मोडतानाच तिनं त्याला पकडलं असतं. गिऱ्हाइकानं विचारलं की तो म्हणायचा, चष्म्याचा नंबर वाढलाय. लोकांनाही पटायचं.

आणि आज दुपारी नईम येणार होता. थोरला. साताऱ्याला एमआयडीसीत कामाला. वर्षभर त्याचा एकच धोशा, अब्बा, दुकान सोडा, आमच्याकडं या. आता दुकान चालवायला घेणारा माणूसही त्यानं बघून ठेवला होता आणि आज हो किंवा नाही सांगायचं होतं. रमजाननं सकाळी जीप बघितली आणि मनाशी पैज लावली. या गाडीचा फॉल्ट हाताला घावला तर नईमला नाही म्हणायचं. नाही घावला तर दुकानाची किल्ली द्यायची. साठीच्या माणसानं असल्या पैजा लावाव्यात? पण लावली खरी.

हात आत फिरत होता. गोधडीवरून चाचपावं तसं सगळं लागत होतं. वायर कुठली, पत्रा कुठला, काही पत्ता नाही. एका जागी बोटं टेकवून तो थांबला आणि पुढं काय करावं याचा विचार करत पडून राहिला.

"मिस्त्री, काय तरी करपतंय," वरून तात्याबा म्हणाला.

"वायर आसंल जुनी."

"वायर न्हवं." तात्याबानं नाक वर करून दोनदा हुंगलं. "मेंढराला डाग देताना आसा वास येतोय. कातड्याचा हाय ह्यो. हात काडा भाईर!"

रमजाननं हात बाहेर ओढला. दोन बोटांच्या पेरांवर कातडं पांढरं पडून फुगलं होतं. त्यानं ते डोळ्यांपुढं धरून दुसऱ्याच कुणाचं तरी असल्यासारखं बघितलं. भाजलं आणि आपल्याला कळलं नाही. कित्येक दिवसांनी त्याला काही वाटलं असेल तर ती ही भीती.

"बटणं बंद करा," तो म्हणाला. आवाज बरा निघाला.

तसाच पडल्या पडल्या तो विचार करायला लागला, कारण डोकं अजून जागेवर होतं. बोटं टेकली होती कशावर? हात होता त्या कोपऱ्यात एकच गोष्ट असते, इंजन बंद करायला ओढतात ती केबल. ती नुसती लोखंडी तार, तिच्यात करंटचं काय काम? ती तापली कशी? बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून जातो आणि गाडीच्या पत्र्यातून, अर्थिंगच्या पट्टीवरून माघारी इंजनाला आणि तिथनं बॅटरीला येतो. ती पट्टीच तुटली तर बिचारा करंट माघारी येणार कुठनं? मिळेल त्या वाटेनं. त्याला केबल मिळाली होती.

"तात्याबा, कोकरं कुटं बसवता वो?"

"कुटं म्हंजी? हितंच की, तुमी निजलाय तितं. इंजनाची ऊब मिळती. माजा बा घोड्यावर म्होरं घिऊन बसायचा, मी जीपमदी बसवतो."

"आन मुतत्यात कुटं?"

"आवं आता त्येंला काय संडास बांदून देऊ?" तात्याबा हसला आणि हसता हसता थांबला. ओल्या पत्र्याकडं बघून म्हणाला, "आयला!"

दोघं जीपखाली शिरले. पत्र्याला भोक पडलं होतं आणि भोकाच्या बरोबर खाली गिअरबॉक्सची अर्थिंगची पट्टी. वर्षानुवर्षांच्या मुतानं हिरवी होऊन, कुजून, मधोमध तुटून लोंबत होती. नुसती डोळ्यांनी दिसत होती. रमजाननं नवी पट्टी काढली, जागा कानशीनं घासून चकचकीत केली आणि पाना लावला. पाना निसटला. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. मग तात्याबानं पाना त्याच्या हातातून घेतला आणि बोल्ट आवळला.

चावी फिरवताच सगळे काटे उठले. हॉर्न असा वाजला की मागं नेऊन ठेवलेली कोकरं एकमेकांच्या अंगावर पडली.

"कवापासनं?" जीपखालून निघताना तात्याबानं हळूच विचारलं.

"काय?"

"बोटांचं."

"दिवाळीपासनं."

"घरात ठावं हाय?"

रमजाननं नाही अशी मान हलवली. तात्याबा मात्र निघाला नाही. कोकरांना पाणी दाखवायचं निमित्त काढून तो तिथंच घुटमळत राहिला.

तेवढ्यात नईम आला. मोटरसायकल उभी करतानाच त्याला बापाचा हात दिसला आणि तो तसाच धावला.

"अब्बा! काय केलं हे?"

त्यानं माठातलं पाणी तांब्यानं हातावर ओतलं. मग हात स्वतःच्या हातात धरून, लहान पोराच्या खरचटलेल्या गुडघ्यावर घालतात तशी फुंकर घालायला लागला.

"लय आग होत आसंल."

"न्हाई दुखत."

"बघा!" नईम तात्याबाकडं वळला. "आमचे अब्बा हे आसले. पाय मोडला तरी न्हाई दुखत म्हणतील." मग त्यानं दुरुस्त झालेल्या जीपकडं बघितलं. डॅशबोर्डावर दिवे लागले होते. "झाली व्हय दुरुस्त? काल फोनवर तुमी म्हणत होता, फॉल्ट घावत न्हाईत आताशा." "ऱ्हाऊ द्या, अब्बा. त्या माणसाला मी नको म्हणून सांगतो. हात चालतोय तवर चालवा दुकान. मी परत इचारणार न्हाई."

रमजानला हवं होतं ते हेच. गप्प बसलं की झालं. तात्याबा कोकराच्या पाठीवरून हात फिरवत दुसरीकडं बघत होता. आजची गाडी निभावली, पण उद्या दुसरी येईल. तिच्यात कुणाची पोरंबाळं बसलेली असतील, आणि एखादा जोड ढिला राहिला तर तो ह्या बोटांना कळणार नाही.

"नईम," तो म्हणाला. "मी खरंच सांगतोय. न्हाई दुखत."

"बरं बाबा, न्हाई दुखत."

"तसं न्हवं रं. तू हात धरलायस, त्ये मला दिसतंय म्हणून ठावं हाय."

नईमची फुंकर थांबली. त्यानं हात अजून धरलाय की सोडला, हे बघायला रमजानला मान खाली घालावी लागली.