डावीकडे, दुसरा मजला

ड्रायव्हरने मागून काखेत हात घालून भोंगाकाकांना उचललं, काकूंनी त्यांचा उजवा पाय दोन्ही हातांनी धरून पायरीवर ठेवला, आणि तिघं मिळून एकदाचे बसमध्ये चढले. चाकांची खुर्ची खाली डेपोच्या भिंतीला टेकवून ठेवली होती.

"काका, वजन काही उतरलेलं नाही हं तुमचं," ड्रायव्हर धापा टाकत म्हणाला. "घरी चंगळ चाललेली दिसतेय."

"चंगळ कसली डोंबलाची," काकू म्हणाल्या. "दोन घास भरवायचे तर माझा जीव मेटाकुटीला येतो. पुढच्याच सीटवर बसवा त्यांना. माइकजवळ."

काका हसले. आजारपणानंतर त्यांचं हसू तोंडाच्या डाव्या बाजूलाच उरलं होतं. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला असायचा. आणि बोलणं पार गेलं होतं. एक शब्द नाही.

ही शहर दाखवायची बस. वर टप नाही, कडेला दांड्या, खाली निळ्या सीटा. काकांनी याच बसमध्ये माइक हातात धरून सगळी नोकरी काढली. एकदा माइक बंद पडला तेव्हा नुसत्या गळ्यावर त्यांनी अख्खी फेरी मारली आणि लाटांच्या वर त्यांचा आवाज ऐकू येत राहिला, तेव्हापासून डेपोत त्यांचं नाव भोंगा. ते नाव इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशीसुद्धा साहेब 'भोंग्याला बोलवा' म्हणायचे.

आणि हाच माणूस घरी आला की तोंडाला कुलूप. काकूंचं उभ्या संसारातलं गाऱ्हाणं ते एवढंच. "सगळ्या जगाला ऐकवून येता, आणि माझ्या वाट्याला काय? मीठ कमी आहे, आणि दार लावून घे." काका गळ्याकडे बोट दाखवून म्हणायचे, "अगं, घसा बसलाय." तो घसा लग्नाच्या दुसऱ्या महिन्यापासून बसलेलाच होता. दर मोसमात एकदा मात्र ते म्हणायचे, "चल की एक दिवस बसमध्ये." आणि काकू म्हणायच्या, "मला मेलीला काय दाखवणार तुम्ही? माझा जन्म इथला." पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, तशातली गत. समुद्राच्या गावात जन्म गेला, पण दीपगृहाकडे काकूंनी कधी मान वर करून बघितलं नव्हतं.

आज बघायला आल्या होत्या त्याही दीपगृहासाठी नाहीच. बोलणं परत शिकवायला घरी एक बाई यायच्या. त्या म्हणाल्या होत्या, "कधी कधी अगदी पाठ असलेलं आपोआप तोंडात येतं. गाणं, पाढे, असं काहीतरी." काकूंनी आठवडाभर बे एके बे म्हणून बघितलं. काकांनी त्यांच्याकडे अशा नजरेने बघितलं की बे चोकच्या पुढे त्यांनाच हसू फुटलं. मग एका रात्री भांडी घासता घासता त्यांच्या लक्षात आलं, की यांना पाठ काय असेल तर ती बसची फेरी. तिथे बसवलं तर एखादा शब्द सुटेल. एक सुटला की मागून बाकीचे येतील. एवढ्या आशेवर त्यांनी ठेवणीतले कपडे घातले होते.

माइक आता तिकिटवालीकडे होता. बारा वर्षं काकांच्या हाताखाली तिकिटं फाडली आणि ऐकून ऐकून सगळं तोंडपाठ केलं. काका आजारी पडले तेव्हा साहेबांनी माइक तिच्याकडे दिला, तरी नाव मात्र तिकिटवालीच राहिलं. काकूंना बघून ती आधी खूश झाली, मग कशी कोण जाणे थोडी गडबडली.

"काकू, तुम्ही? आज? सांगितलं असतंत तर..."

"तर काय, बस धुऊन ठेवली असतीस? तू आपली नेहमीसारखी बोल. एक शब्द बदलू नकोस. यांच्यासाठी आलोय."

"मी कशाला बदलतेय? शिकत होते तेव्हा एक शब्द चुकला तरी काका अंगठीने दांडीवर टकटक करायचे. अजून कानात आहे ते."

काकूंनी पिशवीतून टोपी काढून काकांच्या डोक्यावर घातली. "यांना ऊन सोसत नाही आता. घरी गॅलरीत बसवते, पण जरा वेळ झाला की हात वर करतात. डोळ्यांवर येत असेल. मग लगेच आत ओढून घेते."

"हो," तिकिटवाली म्हणाली. "दिसतं ना बसमधून." आणि तिने मान वळवून माणसं मोजायला घेतली.

शेजारच्या सीटवर मोठ्या टोपीतल्या एक बाई येऊन बसल्या. गळ्यात कॅमेरा, नाकावर पांढरं मलम. "तुम्ही कुठून आलात?" त्यांनी विचारलं.

इथूनच, दोन वळणांपलीकडून, असं सांगायची काकूंना का कोण जाणे लाज वाटली. "लांबून," त्या म्हणाल्या.

"आम्हीपण. मिस्टरांना बरं नाही वाटतं?"

"बरे होतील," काकू म्हणाल्या.

बस निघाली. ऊन असं लख्ख पडलं होतं की बंदरातल्या होड्यांकडे बघवत नव्हतं. घड्याळाचा मनोरा आला. तिकिटवालीने माइक तोंडाशी धरला, आणि काकू चमकल्या. आवाज बाईचा, पण बोलायची ढब काकांची, ते मध्येच थांबणंसुद्धा.

"या मनोऱ्याला चार बाजूंनी चार घड्याळं, आणि चारही वेगळी वेळ दाखवतात. नवराबायको भांडली की आम्ही सांगतो, बाबांनो, आपापल्या बाजूला जाऊन उभे राहा. दोघंही बरोबर!"

बस खदखदून हसली. काकूंनी हसायचं सोडून काकांच्या तोंडाकडे बघितलं. ओठ हलत होते. अगदी थोडे, झोपेत हलतात तसे, पण तिकिटवालीच्या शब्दांबरोबर हलत होते.

"अहो," काकूंनी हळूच म्हटलं. "म्हणा ना. बाबांनो म्हणा."

ओठ थांबले.

मासळीबाजार आला, जुनी वखार आली, बंदराचा दगडी धक्का आला. बसमधली सगळी माणसं माना वळवून वळवून बघत होती, कॅमेरे काढत होती. काकू तेवढ्या एका तोंडाकडे बघत राहिल्या. ओठ हलले की त्यांचा श्वास अडकायचा, थांबले की सुटायचा. गंमत अशी की कानावर मात्र सगळं पडत होतं. वखारीच्या चोरवाटेची गोष्ट, एका पायाच्या खलाशाची गोष्ट, कुठल्याशा राणीला बोट लागल्याची गोष्ट. इतकं सगळं या माणसाला सांगता येत होतं? आणि घरी विचारलं तर म्हणे घसा बसलाय!

दीपगृहापाशी बस थांबली. "समुद्रातल्या माणसाला हा दिवा वीस मैलांवरून दिसतो," तिकिटवाली म्हणाली. "आणि खालच्या खोलीत राहणारा रखवालदार? तो बिचारा जेवताना कंदील लावायचा. दिवा लांबच्यांसाठी असतो, मंडळी. जवळच्यांनी आपलं चाचपडावं."

लोक पुन्हा हसले. काकूंना हसू आलं नाही. त्यांना रागच आला. असा राग की त्या आजारी माणसाला गदागदा हलवावं आणि म्हणावं, कळत होतं ना तुम्हाला? मग? पण त्याच वेळी काकांच्या तोंडाच्या वाकड्या बाजूने लाळ आली, आणि त्यांनी रुमाल काढून ती पुसली.

परतीचा रस्ता समुद्राच्या काठाने होता. फेरी संपत आली होती आणि शब्द काही सुटला नव्हता. काकूंनी रुमालाची घडी केली, मोडली, परत केली. घरी जाऊन भाजी टाकायची होती. बोलणं शिकवणाऱ्या बाईंना काय सांगायचं? ओठ हलले, एवढंच.

बस वळणाशी हळू झाली. तिकिटवालीने माइक तोंडाशी नेला, काकूंकडे बघितलं, आणि खाली घेतला. "तर मंडळी... इथे आपली फेरी..." ती चाचरली.

टक, टक.

काका अंगठीने दांडीवर वाजवत होते. डाव्या हाताची ती टकटक स्पष्ट होती. तिकिटवालीने नाही म्हणून मान हलवली. काकांनी पुन्हा वाजवलं, या वेळी जोरात, आणि तिच्याकडे असे रोखून बघत राहिले की ड्रायव्हरनेही आरशातून पाहिलं.

तिने माइक पुन्हा तोंडाशी धरला. "इथे आमचे काका जे सांगायचे, ते मी त्यांच्याच शब्दांत सांगते," ती म्हणाली. "समुद्र पुरे झाला, आता डावीकडे बघा. दुसरा मजला, हिरवी गॅलरी. बाकी सगळं शहर तुम्हाला पुस्तकात सापडेल, हे सापडणार नाही. या वेळेला तिथे जी कपडे वाळत घालत असते ना, ती माझी बायको."

सगळ्यांच्या माना डावीकडे वळल्या. हिरव्या गॅलरीत कोणी नव्हतं. दोरीवर एक टॉवेल आणि काकांचा सदरा वाळत होता.

"तिला हात करा. इतकी वर्षं बसभर माणसं रोज तिला हात करतायत, तिने एकदाही उलट केलेला नाही. एकदा टॉवेल झटकला होता, तो हात केला असं धरायचं का यावर आम्ही बसमध्ये मतदान घेतलं. थोडक्यात पडलो. मी तिला काही सांगितलेलं नाही. सांगितलं तर उद्यापासून ती गॅलरीत यायची नाही, आणि मग मी फेरी कशासाठी मारू? पण कधीतरी करेल. कोणी सांगावं, आजच करेल. करा, करा, हात करा!"

अख्ख्या बसने हात वर केले. काकूंना हे हात माहीत होते. वर्षानुवर्षं माहीत होते. बादली घेऊन गॅलरीत उभं राहिलं की खालून बस जायची, वाऱ्यात माइकवरचं काही कळायचं नाही, आणि ही येडी माणसं हात हलवायची. त्या पाठ फिरवून आत जायच्या. 'तुमच्या त्या बसवाल्यांना काही कामधंदा नाही का? विजेच्या खांबालाही हात करतील,' असं रात्री जेवताना म्हणायच्या, आणि काका ताटात बघत म्हणायचे, 'पाहुणे आहेत. करू दे.'

"हात करा ना हो," टोपीतल्या बाईंनी काकूंना कोपराने ढोसलं. "एवढ्या लांबून आलोय आपण."

काकूंनी शेजारी बघितलं. काकांचा डावा हात वर होता. कोपरात वाकलेला, बोटं उघडी. गॅलरीत रोज सकाळी व्हायचा तसाच, याच वेळेला. ऊन लागत नव्हतं त्यांना. बस यायची तेव्हा ते हात वर करत होते, बायकोला दाखवत होते की बघ, आलेत, आता तरी कर. आणि ती रोज खुर्ची ओढून त्यांना आत घेत होती, वर पडदाही सरकवत होती.

"अहो," त्या म्हणाल्या. "एवढं घरी सांगायला काय झालं होतं तुम्हाला?"

आता कोण सांगणार? काकांनी हात खाली घेतला आणि तो काकूंच्या हातावर ठेवला. बस वळण घेऊन डेपोकडे लागली. टोपीतल्या बाई दुसरीकडे बघू लागल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी खुर्ची गॅलरीच्या अगदी कठड्याला लावली. कपड्यांची बादली आणून ठेवली, पण दोरीवर एकही कपडा टाकला नाही. कपडा आड आला असता. काका एकदा बादलीकडे बघत होते, एकदा रस्त्याकडे.

बस आली. लाउडस्पीकरवरचे शब्द वाऱ्याने तुटत तुटत वर येत होते. डावीकडे... मजला... माणसांच्या माना वळल्या, हात वर झाले. काकांचाही झाला.

काकूंनी ओले हात अंगाला पुसले आणि उजवा हात वर केला. आधी नुसता रिक्षा थांबवावी तसा. मग खांद्यापासून पूर्ण, हलवत.

खाली एकच गलका झाला. कोणी शिट्टी मारली, कोणी उभं राहून टाळ्या पिटल्या, ड्रायव्हरने हॉर्नवर हात दाबून धरला. लाउडस्पीकर तेवढा गप्प होता. तिकिटवालीने आजवर काकांचा एक शब्द बदलला नव्हता, आणि काकूंनी हात केला तर पुढे काय म्हणायचं, हे काकांनी तिला शिकवलंच नव्हतं. माइक तोंडाशी धरून ती वर बघत राहिली, आणि बस तशीच वळणाआड गेली.

काकू कितीतरी वेळ हात वर धरून उभ्या होत्या. मग त्यांनी खाली बघितलं. काका बसकडे बघत नव्हते, त्यांच्याकडे बघत होते. तोंड उघडं होतं, ओठ हलत होते. काकू पटकन वाकल्या आणि कान त्यांच्या तोंडाजवळ नेला. गरम श्वास लागला. त्या तशाच वाट बघत थांबल्या. शब्द आला नाही.

"असू द्या," त्या काकांचे डोळे पुसत म्हणाल्या. "दुपारी परत येईल ना बस. तेव्हाही करीन."