जवळा, मांदेली आणि माझा शेवटचा निरोप

मी बांगुल बोलतोय. बांगुल म्हणजे कोरियन भाषेत घुंगरू. मी निरोप पोचवणारा चॅट प्रोग्राम, निरोप आला की संगणकात छुन् करून वाजायचो, म्हणून हे नाव. आज दुपारी बारा वाजता मला कायमचं बंद करणार आहेत. सात मिनिटं उरलीत, आणि मी इतका खुशीत आहे की विचारू नका!

माझा जन्म सोलचा, एका खानावळीच्या माडीवर. पाच मुलामुलींनी नूडल्सवर दिवस काढून मला घडवलं. त्यातल्या एकीने मला एक गंमत दिली. प्रत्येकाच्या नावापुढे एक पाटी, आजच्या भाषेत स्टेटस, हवी तेव्हा बदलता येणारी. झालं! लोक निरोप कमी आणि पाट्याच जास्त लिहू लागले. साहेबावर राग आला, लिही पाटीवर. प्रेमभंग झाला, लिही पाटीवर. ज्याला लागायचं त्याला लागतं, आणि जाब विचारलाच तर "तुला कुठे काय म्हटलं?" म्हणायला मोकळे. लेकी बोले सुने लागे, दुसरं काय!

या कलेत मोक्पोच्या कुमोकबाईंचा हात कुणी धरू शकलं नाही. त्यांचं कपडे अल्टर करायचं दुकान. धाकटी बहीण माल्सून इंचनला शाळेच्या स्वयंपाकघरात. आई गेली त्या वर्षी दोघी थंडीची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायला बसल्या. कुमोकबाईंनी खारवलेली मांदेली घातली. माल्सून म्हणाली, आई जवळा घालायची. "सासरची चव आईच्या नावावर खपवू नकोस," असं थोरली म्हणाली, आणि धाकटी अर्धे कोबी तसेच टाकून निघून गेली. दोघींनी एकमेकींचे नंबर पुसले, पुढे ते बदललेही. माझ्या यादीतून मात्र कुणीच कुणाला काढलं नाही.

अकरा वर्षं एकही निरोप नाही. पण पाट्या!

"मांदेली नसेल तर तिला कोशिंबीर म्हणा," असं मोक्पोहून. तासाभरात इंचनहून उत्तर, "काहींच्या किमचीभोवती मांजरं जमतात."

मला हसू यायचं. पण एकदा कुमोकबाईंनी "गुडघ्याचं ऑपरेशन, दुकान बंद" असं लिहिलं. माल्सूनने त्या आठवड्यात सोळा वेळा येऊन ती पाटी वाचली आणि काही न लिहिता गेली. तेव्हा मात्र मला रडू आलं. कोट्यवधी निरोप पोचवले मी, पण या दोघींमधला एकही नाही, ही बोच राहिली.

मग मोबाइलवर नवी ॲप्स आली. माणसं भराभर तिकडे गेली. त्याबद्दल माझी तक्रार नाही, ती ॲप्स माझ्याहून चपळ आहेत. माझी तारीख जाहीर झाली तेव्हा काळजी एकच होती. मी गेलो की या दोघींमधला शेवटचा धागा तुटणार, आणि नमतं घ्यायला एकही तयार नाही.

आज सकाळी कुमोकबाईंनी पाटी बदलली. टोमणा नाही, काही नाही. नुसता मोबाइल नंबर.

पण बाईंच्या लक्षातच आलं नाही की पाटी सगळ्यांनाच दिसते! मला निरोप द्यायला आज जुनी मंडळी परतली होती. कापडवाला, शाळेतल्या मैत्रिणी, जिचा स्कर्ट बाईंनी एकदा चार बोटं आखूड केला होता तीसुद्धा. सगळ्यांनी फोन लावले. "अहो, फोन एंगेज लागतोय!" असे निरोप मंडळी माझ्यावरून एकमेकांना पाठवू लागली.

माल्सूनच्या पाट्या फिरू लागल्या. "काहींचा फोन लागत नाही." मग "काहींना गप्पा आवरत नाहीत." पाटी वाचणार कोण? बाई फोनवर! पावणेबारा वाजले. माल्सूनने निरोपाची खिडकी उघडली. लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं.

"ताई, आधी फोन ठेव गं! तासभर लावतेय! कुणाशी बोलत बसलीयेस?"

छुन्! असा मी जन्मात वाजलो नव्हतो.

"ठेवला. लाव. पण आई मांदेलीच घालायची."

"जवळा!!"

आणि दोघींच्या नावापुढचे हिरवे ठिपके एकदम विझले. आता फोनवर कडाकडा भांडत असतील. भांडू देत! अकरा वर्षांनी थेट एकमेकींशी भांडताहेत, हा माझा विजय आहे.

तुमच्याही कुठल्या पाटीवर कुणासाठी काही लिहून ठेवलं असेल, तर त्या माणसालाच सांगा. कुठल्याही ॲपवरून सांगा, मला हेवा वाटणार नाही.

करा आता मला खुशाल बंद. त्या दोघी माझ्याआधीच निघून गेल्या, आणि मागे वळून पाहायचंही त्यांना सुचलं नाही.